जुन्या मोटारीचे नट आणि हात न पोहोचणारे वंगण

आपल्या संघाच्या स्मरणिकेसाठी आम्ही आजवर जे चार शब्द लिहिले ते बारदानाविषयी, आडतीविषयी, फार तर चिमणगंज मंडीतील तोलाईविषयी. यंदा संपादक मंडळींचा आग्रह निराळा पडला. रविवारी सकाळी टावर चौकात आमची जुनी फियाट उभी असते, तिच्याभोवती तरुण मंडळी जमतात, फोटो घेतात आणि हटकून एकच प्रश्न विचारतात, "शेठजी, ही अजून चालते कशी?" या प्रश्नाचे उत्तर लिहून द्यावे, असे संपादकांचे म्हणणे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, धंद्याने धान्याचे घाऊक व्यापारी. यंत्रशास्त्रात आमचा अधिकार तो काय? परंतु चाळीस वर्षे एकाच गाडीखाली पाठीवर पडून जे कळले ते सांगावयास हरकत नसावी. त्यात आमची स्वतःची एक चूकही आहे, आणि ती आम्ही आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

प्रथम गाडीविषयी. ही १९६३ सालची फियाट ११०० सुपर सिलेक्ट. इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, आणि पुढचे दरवाजे उलट बाजूस, म्हणजे मागच्या बिजागरीवर, उघडणारे. मुंबईकडे हिला 'डुक्कर फियाट' म्हणत, ते तिच्या पुढच्या तोंडवळ्यामुळे. आमच्या घरी मातोश्रींसमोर हे नाव घेण्याची सोय नव्हती. आमच्या तीर्थरूपांनी ही गाडी दुसऱ्या हातची घेतली, कारण नव्या गाडीसाठी त्या काळी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. ती घेण्यामागे त्यांचा एक अभिमानही होता. आमचे घराणे मूळचे सोलापूरकडचे, आणि ज्या कारखान्यात ही गाडी तयार झाली त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद हे सोलापुरात १८८२ साली जन्मलेले, आपल्याच समाजाचे. त्यांनी १९१९ साली सिंदिया कंपनीची आगबोट काढली, १९४० साली बंगलोरला विमानाचा कारखाना सुरू केला आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, प्लिमथ व डिसोटो मोटारी जुळवून बाहेर पडू लागल्या. वालचंदशेठ १९५३ साली निवर्तले. फियाट ११०० त्यानंतरची. तिचीच पुढे १९६४ साली 'डिलाईट', १९७२ साली 'प्रेसिडेंट' आणि १९७४ साली 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, ती बातमी वाचली त्या दिवशी आम्ही दुकान अर्धा तास लवकर बंद केले. असो.

गाडीची व्यवस्था पाहणारे एक मिस्त्री टावर चौकाच्या मागील गल्लीत बसत. ते तरुणपणी कुर्ल्यास काम करून पुढे सासुरवाडीच्या निमित्ताने उज्जैनीस स्थायिक झालेले. आम्ही लहान असताना तीर्थरूपांबरोबर तेथे जात असू, आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरून काळ्या तेलाने कपडे भरवून घरी येत असू. मिस्त्रींच्या फळीवर एक जुना डबा असे. गाडीतून काढलेली प्रत्येक स्प्लिट पिन ते पकडीने मधोमध तोडीत आणि तिचे दोन्ही तुकडे त्या डब्यात टाकीत. आम्ही एकदा विचारले, "मिस्त्रीकाका, ही तर सरळ होण्यासारखी होती, तोडली का?" ते एवढेच म्हणाले, "बाळासाहेब, सरळ होण्यासारखी होती म्हणूनच तोडली." तेव्हा त्यातला अर्थ आमच्या ध्यानी आला नाही.

ज्यांनी ही पिन पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्टिअरिंगच्या टायरॉडच्या टोकास एक गोळीदार सांधा असतो. त्याची निमुळती दांडी चाकाच्या बाहूतील भोकात बसते आणि खालून किंवा वरून नट आवळला जातो. हा नट साधा नसतो. त्याच्या डोक्यावर किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात, म्हणून त्यास कॅसल नट म्हणतात. दांडीस आरपार एक छिद्र असते. नटाची खाच आणि दांडीचे छिद्र एका रेषेत आणून त्यातून दुपदरी तारेची ती पिन घालावयाची आणि तिचे पाय दोन्हीकडे वळवावयाचे, म्हणजे नट फिरू म्हटले तरी फिरत नाही. या रुपया-दोन रुपयांच्या वस्तूवर चाकाची दिशा अवलंबून असते.

आता चूक. १९९१ च्या थंडीतील गोष्ट. तीर्थरूपांस जाऊन वर्ष झाले होते आणि मातोश्रींस मक्सी पार्श्वनाथाच्या दर्शनास न्यावयाचे होते. आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही स्वतःच टायरॉडच्या सांध्याचे फाटलेले रबर बदलले. मिस्त्री गावी गेलेले, फ्रीगंजातील सुटे भाग विकणारी दुकाने बंद, नवी पिन हाताशी नाही. आम्ही जुनी पिन हातोडीने सरळ केली, पुन्हा घातली आणि पुन्हा वळवली. वळवताना एक पाय किंचित तडकल्यासारखा वाटला. तरीही आम्ही मनाशी म्हटले, दुसरा पाय तर शाबूत आहे. घाऊक व्यापाऱ्याचे मन असे असते. पोते फाटले तर ठिगळ लावून तो पुन्हा वापरतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्ही ठिगळाची रीत तेथे लावली जेथे ती लागू नव्हती.

मक्सी उज्जैनहून चाळीसेक किलोमीटर. निम्मा रस्ता काटल्यावर खड्ड्यातून जाताना पुढून 'खट्' असा आवाज येऊ लागला. आधी आम्ही तो स्प्रिंगचा समजलो. थोड्या वेळाने स्टिअरिंग हातात पोकळ वाटू लागले. दोन बोटे फिरवावे तेव्हा चाक हलू लागे. समोरून मालाने भरलेल्या ट्रकांची रांग येत होती. आम्ही गाडी कडेला घेतली, पोत्याचा तुकडा अंथरून खाली सरपटलो आणि हात लावला. नट बोटाने फिरत होता. पिनेचा एक पाय गेलेला, दुसरा तुटून अडकलेला, आणि नट शेवटच्या दोन आट्यांवर आलेला. दांडी निमुळती असल्यामुळे ती भोकात रुतून बसली होती, एवढ्यावरच आम्ही त्या ट्रकांसमोरून आलो होतो. आणखी एक मोठा खड्डा लागता तर पुढचे चाक स्टिअरिंगला न जुमानता वळले असते.

मागच्या बाकावर मातोश्री माळ जपत होत्या. आमचे कुटुंब धाकट्यास मांडीवर घेऊन बसले होते. आम्ही "हवा तपासतो आहे" एवढेच म्हणालो. पान्याने नट आवळला, रस्त्याकाठच्या चहावाल्याकडून बांधावयाची तार मागून छिद्रातून दोनदा ओवली आणि बैलगाडीच्या वेगाने मक्सी गाठली. तेथे ट्रक दुरुस्त करणाऱ्याकडून नवी पिन घातली. मातोश्री पुढे बारा वर्षे होत्या. त्यांना हे आम्ही कधीच सांगितले नाही. मिस्त्रींना मात्र दुसऱ्या आठवड्यात सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी फळीवरचा डबा काढून आमच्यासमोर ठेवला आणि चहा मागवला.

तेव्हापासून कोणता नट पुन्हा वापरावा व कोणता नाही, याचा आम्ही आमच्यापुरता एक हिशेब बांधला आहे. आपल्या धंद्यातील दाखला देऊन सांगावयाचे तर कॅसल नट म्हणजे बारदान आणि पिन म्हणजे त्याची सुतळी. बारदान झटकून, पाहून, दहा वेळा वापरता येते. सुतळी एकदा उसवली की फेकावयाची. लोखंडी तार एकदा वळली, सरळ केली, पुन्हा वळली, की वळणाच्या जागी ती आतून कडक होऊन तडकते. डोळ्यास दिसो वा न दिसो. कॅसल नटाचे आटे स्वच्छ असतील आणि खाचांचे दात वाकलेले नसतील तर तो आयुष्यभर चालतो. मात्र तो आवळताना खाच आणि छिद्र जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवावा, मागे सैल करून नव्हे. याला एकच अपवाद, पुढच्या चाकांची निमुळती बेअरिंगे. तेथे चाक हाताने फिरवीत नट आवळावयाचा आणि मग किंचित मागे घेऊन पिन घालावयाची. तेथे जो जोर दाखवील त्याचे बेअरिंग तापून जळेल.

आता नायलॉनच्या कड्याचा नट. आजकालचे कारागीर जुन्या गाडीत सर्रास हाच घालतात. नटाच्या वरच्या तोंडाशी नायलॉनचे कडे बसविलेले असते. बोल्टाचे आटे त्यात रुतत जातात आणि त्या चिमटीमुळे नट सैल होत नाही. हा पुन्हा वापरावा का, यावर आम्ही पुष्कळ वाद ऐकले आहेत. कोणी म्हणतो कधीच नाही, कोणी म्हणतो पाच वेळा. विमानदुरुस्तीच्या क्षेत्रात याची जी कसोटी आहे तीच आम्हांस पटते. नटाची पकड ठरलेल्या मापापेक्षा उतरली की तो बाद. मोजण्याचे यंत्र ज्याच्याजवळ नाही त्याने आट्यांचे टोक नायलॉनमध्ये शिरल्यावर नट नुसत्या बोटांनी फिरवून पाहावा. फिरला तर तो नट टाकून द्यावा, पाना लागला तर किरकोळ जागी त्यास पुन्हा घ्यावयास हरकत नाही. बोल्टाचे टोक नटाबाहेर एक-दोन आटे दिसलेच पाहिजे, नाहीतर नायलॉनने काही धरलेलेच नसते. इंजिनाच्या धुराड्याजवळ हा नट घालूच नये. सुमारे १२० अंश सेल्सिअसपलीकडे त्याचा भरवसा नाही. आणि ज्या सांध्यात बोल्ट स्वतः फिरण्याचा संभव आहे तेथे कॅसल नट व पिनच हवी. पिनेचे छिद्र असलेल्या बोल्टावर नायलॉनचा नट चढविला तर छिद्राची धारदार कड नायलॉन खरवडून काढते, हेही आम्ही पाहिले आहे. स्टिअरिंग आणि ब्रेक या दोन ठिकाणी मात्र कसोटी वगैरे काही नाही. तेथे नायलॉनचा नट असेल तर दर वेळी नवा.

पत्र्याच्या जिभेचा वॉशर असतो, त्याची जीभ नटाच्या बाजूवर दुमडलेली असते. जी जागा एकदा दुमडली ती पुन्हा दुमडू नये. न दुमडलेली दुसरी बाजू शिल्लक असेल तर वॉशर वळवून घालावा. स्प्रिंग वॉशरची दोन टोके एका पातळीत आली की त्यात काही राम उरत नाही. दोन नट एकमेकांवर आवळण्याची जुनी रीत सर्वांत स्वस्त, आणि तीत फेकण्यासारखे काहीच नसते.

येथे एक व्यापारी सूचना. फियाटचे आटे मिलिमीटरच्या मापाचे. अँबेसडरचे पाने इंचाचे. एकाचा पाना दुसऱ्याच्या नटास 'जवळजवळ' बसतो आणि त्या जवळजवळपणातच नटाचे कोपरे गोल होतात. दुसरे असे की १० मिलिमीटरचा बोल्ट म्हणून दुकानात जो नट मिळतो त्याच्या आट्यांतील अंतर बहुधा १.५ मिलिमीटर असते. फियाटमध्ये अनेक ठिकाणी ते १.२५ असते. असा नट दोन फेरे सुखाने चढतो आणि मग अडतो. येथे नवशिका पान्यास लांब पाइप लावून जोर करतो आणि बोल्टाचे आटे कायमचे बिघडवतो. नमुना बरोबर नेल्याशिवाय धान्य घेत नाही, मग नट का घ्यावा?

आता वंगणाकडे येतो. नटाची चूक मोठा आवाज करते, वंगणाची चूक वर्षे गप्प बसते. जुन्या गाडीस ठिकठिकाणी ग्रीसची निपले असतात: किंगपिनवर, स्टिअरिंगच्या सांध्यांवर, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर. निपलाच्या तोंडाशी स्प्रिंगवर बसलेली एक बारीक गोळी असते. ग्रीस आत जाताना ती मागे सरते आणि मग तोंड बंद करते. ऑस्कर झर्क यांना अशा निपलाचे अमेरिकेत १९२९ साली पेटंट मिळाले, म्हणून तिकडे निपलास त्यांच्याच नावाने ओळखतात. ज्या निपलांपर्यंत हात सहज पोहोचतो त्यांस प्रत्येकजण ग्रीस भरतो. गाडी मरते ती उरलेल्या दोन-तीन निपलांमुळे. आमच्या मिस्त्रींच्या पश्चात एका कारागिराने आमची गाडी चार वर्षे 'पूर्ण ग्रीसिंग' करून दिली. चार वर्षांनी क्रॉस काढला तेव्हा त्याच्या एका कपातील सुया गंजाची पूड होऊन खाली पडल्या. निपलावर रंग होता. त्यावर ग्रीस गन कधी लागलीच नव्हती.

प्रोपेलर शाफ्टचे निपल वर तोंड करून राहिले तर त्यास हात लावता येत नाही. यास अवजार नको, गाडी ढकलावी. चाक थोडे थोडे पुढे सरकवीत गेले की शाफ्ट फिरतो आणि निपल खाली तोंड करून येते. मग चाकांस दगड लावून खाली शिरावे. किंगपिनच्या निपलासाठी स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण फिरवावे, म्हणजे चाकाआडची जागा मोकळी होते, आणि मग दुसऱ्या बाजूसाठी उलट. येथे मिस्त्रींचा एक नियम आम्ही कधी मोडला नाही: किंगपिनला ग्रीस भरताना गाडीचा भार चाकावर असू नये. भार असता पिन एका अंगास दाबलेली राहते आणि त्याच अंगास, जेथे झीज होते, ग्रीस शिरत नाही. जॅकने चाक उचलून, गाडी घोडीवर टेकवून मग भरावे. नुसत्या जॅकच्या विश्वासावर गाडीखाली कोणी जाऊ नये.

जेथे गनची सरळ नळी पोहोचत नाही तेथे लवचीक रबरी नळी लावावी. तीही वळण घेत नसेल तर मूळ निपल काढून ४५ किंवा ९० अंशांत वाकडे निपल बसवावे. ते स्वस्त मिळते आणि गाडीच्या मूळ रूपास बाधा आणीत नाही. गन लावण्यापूर्वी निपलाचे तोंड फडक्याने पुसावे, नाहीतर बाहेरची रेती आपणच दाबून आत घालतो. गन काढताना सरळ ओढू नये, किंचित तिरकी केली की सुटते. ग्रीस आत जात नसेल तर जोर वाढवू नये. निपल खोलून रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे, गोळी सुईने दाबून पाहावी. हलत नसेल तर नवे निपल घालावे. नव्या निपलानेही जात नसेल तर आतील वाट जुन्या ग्रीसने दगडासारखी झाली आहे असे समजावे. त्या भोकात पातळ तेल भरून, भोकात घट्ट बसेल अशी गुळगुळीत सळई वर ठेवून हातोडीने हलकेच ठोकीत गेले की तेल वाट काढते. यास एक दुपार लागते. आमची एकदा दोन दुपारी गेल्या. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन त्यामागे नवे दिसू लागेपर्यंत भरावे; ज्या सांध्यावर रबराची टोपी आहे तेथे मात्र टोपी फुगू लागताच थांबावे, ती फाटली की धूळपाण्यास दार उघडले.

ग्रीस कोणते, हाही प्रश्न आहे. पूर्वीच्या कित्येक ग्रीसांत प्राण्यांची चरबी असे, म्हणून आमचे आजोबा ग्रीसच्या डब्यास हात लावीत नसत. गाड्यांच्या आसांस ते एरंडेल घालीत. आज मिळणाऱ्या लिथियम ग्रीसपैकी बहुतेकाचा मूळ घट्टपणा एरंडेलापासून काढलेल्या आम्लावरच येतो, आणि एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे, त्यातही गुजराथ पुढे. आजोबांचे एरंडेल असे फिरून आमच्या गनमध्ये आले. जुने कॅल्शियम ग्रीस शंभर अंशांच्या आसपास वितळते, लिथियमचे १८० अंशांपलीकडे टिकते. म्हणून चाकांच्या बेअरिंगांत लिथियमच घालावे आणि दोन्ही जाती एकत्र करू नयेत.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. तीत 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, शुल्क वीस हजार रुपये, आणि दहा वर्षांनी नूतनीकरणास पाच हजार. अशी गाडी रोजच्या कामास किंवा धंद्यास वापरता येत नाही आणि तिचा सांगाडा, बॉडी वा इंजिन बदललेले चालत नाही. आपल्या संघातील ज्यांच्या वखारीत वडिलांची फियाट ताडपत्रीखाली उभी आहे त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी एकदा खाली वाकून पाहावे. आमच्याकडे लवचीक नळीची गन, वाकडी निपले आणि निरनिराळ्या मापांच्या नव्या स्प्लिट पिनांचा डबा असतो. रविवारी सकाळी टावर चौकात यावे किंवा दुकानी निरोप धाडावा, पैसे घेणार नाही. जुन्या पिना मात्र मागू नयेत. त्या आम्ही तोडून टाकतो.